सुरक्षित जागा

स्वतःची आणि बायकोची सगळी शिल्लक त्याने क्रिप्टो नाण्यांत घातली, आणि मास्टरनोड, म्हणजे व्याजासारखी कमाई देणारं यंत्र, उभारायला ती नाणी भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर अडकवून ठेवली. सकाळी त्याने सर्व्हरवरच्या नोंदींचा लॉग उघडला. कुणीतरी पासवर्डमागून पासवर्ड टाकत आत शिरायला बघत होतं.

त्याने पासवर्डची सोयच बंद केली. आता किल्लीची फाइल असेल तरच प्रवेश. लॅपटॉपवरून ती कुणी पळवू नये म्हणून त्याने तीही तिथून काढून सुरक्षित जागी हलवली. मग लॉगआउट केलं.

"आता कुणी आत जाऊ शकणार नाही ना?" बायकोने विचारलं.

"कुणीच नाही."

"आणि किल्ली कुठे ठेवलीस?"



त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला. "सर्व्हरच्या आत."