पहिला काप

माझा साडू लोवेल हरणाच्या शिकारीला आला तो बाणांना लावायची सात तऱ्हेची पाती आणि एक वीतभर चकाकती सुरी घेऊन. विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या आमच्या खोपटात आम्ही सूप ओरपत होतो आणि हा दीडशहाणा पात्यांवर प्रवचन झोडत होता. सुरीची धार दाखवायला त्यानं स्वतःच्या हातावरचे केससुद्धा भादरले.

"तुमच्या गंजक्या सुऱ्या माझ्या शिकारीला लावायच्या नाहीत, आधीच सांगून ठेवतो. पहिला काप हिनंच!"

"हिनंच घेऊ. शब्द देतो," आमच्यातले सगळ्यांत जुने शिकारी अर्नीकाका म्हणाले.

सकाळी निघता निघता पठ्ठ्यानं बाणाचं पातं बदललं. नवं पातं जड होतं, पण त्यानं एक बाण सोडून नेम तपासायचीही तसदी घेतली नाही. दगड भिरकावला असता तरी लागला असता इतक्या जवळ तगडा नर उभा होता. बाण त्याच्या पोटाखालून गेला आणि चिखलात रुतला.



आमच्याकडे ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून खोपटाच्या भिंतीवर ठोकतात. अर्नीकाकांनी शब्द पाळला, पहिला काप त्याच्याच सुरीनं घेतला.