‘मी’चा रकाना

“गूमी!” तारुशी ओरडली.

खवणीवर नारळ खवत बसलेली अम्मा दचकली. “ऊठ,” ती म्हणाली.

“बरोब्बर! आता जीबी?”

“जा.”

“अम्मा! जा म्हणजे रूही. जीबी म्हणजे आण. कितव्यांदा सांगू गं?”

“माझ्या डोक्यात काही राहत असतं, तर तुझ्या बापाशी लग्न केलं असतं का मी?” अम्मा म्हणाली, आणि दोघी खो-खो हसत सुटल्या.

शुक्रवारी अम्माचं विमान होतं. आखातात, एका मोठ्या घरी, दोन वर्षं घरकामाला. मागल्या गल्लीतली रेणुका अशीच गेली होती आणि भाषा कळत नाही म्हणून दीड महिन्यात परत आली होती. अख्खं गाव तिला अजून ‘दीड महिना’ म्हणूनच हाक मारत होतं. अम्माचं तसं होणार नव्हतं. तारुशी होती ना! दहावीत, आणि इंग्रजीत वर्गात पहिली. शिवाय अंगणातल्या नव्या खोलीच्या भिंती तीन वर्षं छपराविना उभ्या होत्या. अम्माच्या पैशांतून छप्पर चढलं की ती खोली तारुशीची. दार लावून अभ्यास करता येईल अशी. त्या भिंतींकडे बघून तिनेच अम्माच्या मागे लकडा लावला होता, जा ना, सगळ्यांच्या अम्मा जातात.

अरबी यायची कुसुमा अक्काकडून. अक्का अकरा वर्षं तिकडे काढून आलेली. तिची अरबी म्हणजे वाहतं पाणी, असं सगळे म्हणायचे. संध्याकाळी तिच्या ओसरीवर पाच-सहा बायका जमायच्या. अक्का एक शब्द म्हणायची, बायका मागून म्हणायच्या, आणि तारुशी तो वहीत आपल्या सिंहली अक्षरात उतरवून घ्यायची. गूमी, रूही, जीबी, शीली. ऊठ, जा, आण, उचल. सगळ्यांच्या शेवटी ‘ई’. त्यामुळे दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायला एकदम झकास! तारुशीने म्हणून पाहिलं होतं. चाल मस्त बसत होती.

बुधवारी तिला भारी कल्पना सुचली. इंग्रजीचे सर क्रियापदं तक्त्यात लिहायला लावायचे. मी, आम्ही, तू, तुम्ही, तो, ती. तसाच तक्ता अरबीचा केला तर अम्माला चटकन पाठ होईल. तिने पट्टीने सहा रकाने आखले, वर लाल शाईने नावं घातली आणि एकेक शब्द भरायला घेतला.

एकूण त्रेसष्ट शब्द होते. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ‘तू’मध्ये जाऊन बसले. ‘मी’चा रकाना कोराच राहिला.

माझंच लिहायचं राहिलं असेल, तारुशीला वाटलं. पण ते राहून चालणार नव्हतं. अम्माला भुकेची चक्कर यायची. वेळेवर दोन घास पोटात गेले नाहीत, की भिंत धरून खाली बसायची. परक्या घरात तेवढं तरी सांगता यायलाच हवं. तिने अम्माचा हात धरला आणि दोघी अक्काकडे गेल्या.

अक्का सुपात तांदूळ निवडत होती. तक्ता बघून तिचे डोळे चमकले. “अगं बया, काय देखणा आखलायस! आमच्या वेळी असं कोणी दिलं असतं तर!”

“अक्का, हा एकच रकाना भरून दे ना. मला भूक लागलीय, हे कसं म्हणायचं?”

अक्काने सूप बाजूला सारलं. “मी म्हणजे अना,” ती म्हणाली.

तारुशीने लिहिलं, अना. “हं, पुढे?”

“पुढे...” अक्काचे ओठ हलले. शब्द आला नाही.

“बरं, ते राहू दे. मला चक्कर येतेय?”

अक्काने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“मला घरी फोन करायचाय? हे तर येत असेल!”

अक्काने नकारार्थी मान हलवली. तारुशीला हसूच आलं. “काय गं अक्का, अकरा वर्षं अरबी बोलत होतीस ना तू?”

“मी कुठे बोलत होते, बाळा?” अक्का म्हणाली. “मी ऐकत होते. अना म्हटलं की मॅडम पाठ फिरवून निघून जायची. पुढचं शिकायची वेळच आली नाही.”

तारुशीचं हसू विरलं. तिने वहीकडे पाहिलं. पानभर तिचंच टपोरं अक्षर होतं. ऊठ. जा. आण. उचल. घास. लवकर कर. गप्प बस. शब्दांची चाल आता लागेना. ते तिला एका न पाहिलेल्या बाईच्या आवाजात ऐकू यायला लागले, आणि दर शब्दाला त्या बाईसमोर अम्मा उभी होती.

“अम्मा,” ती कशीबशी म्हणाली, “तू नको जाऊस. मला नकोय ती खोली.”

अम्माने तिच्या हातातून वही घेतली. कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत हळूच बोट फिरवलं. मग वही मिटून काखेत धरली.

“बरंच झालं की,” ती म्हणाली. “तेवढंच पाठ करायचं कमी.”