ढिले दोर

"कुणी हलायचं नाही," तपासनीस प्रेबेन म्हणाला. "शिंक आली तर गिळा."

नव्या फेरीबोटीच्या पोटात, जिथे उद्या मोटारी उभ्या राहायच्या तिथे, पाचसात माणसं खडूच्या खुणांवर पाय जुळवून उभी होती. काँक्रीटचे ठोकळे मधून उचलून उजव्या कडेला नेले होते. तेवढ्या वजनाने बोट किती कलते ते बघायचं होतं. वरच्या काचेच्या दालनातून जिन्याच्या पोकळीत एक लांबलचक ओळंबा सोडला होता. त्याचे झोके थांबावेत म्हणून वजन तेलाच्या बादलीत बुडवलेलं, आणि दोरीमागे एक आडवी फळी. फळीवर सुन्वाने पेन्सिलीने दोन्ही बाजूंना एकेक रेघ मारली होती. दोरी रेघेच्या अलीकडे थांबली तर बोट पास. पलीकडे गेली तर बोटीचा माथा जड, म्हणजे वरचं दालन कापून काढायचं.

अख्खी बोट सुन्वाने आखलेली, पण जीव त्या दालनात. दक्षिणेच्या बेटावरची माणसं आजवर खालच्या कोंदट खोलीत ओकत प्रवास करायची. त्यांना बसल्या जागी समुद्र दिसावा म्हणून तिने भांडून भांडून ते माथ्यावर चढवलं होतं. आणि ओलावसोकाच्या सणाला याच बोटीतून सगळ्यांना राजधानीला नेतो, असं फेरी कंपनीच्या हानुसने बेटभर सांगून ठेवलं होतं. सण तोंडावर आला होता.

दोरी सरकली. सरकत सरकत आली आणि थांबली, रेघेच्या चांगली दोन बोटं अलीकडे. मग ठोकळे डाव्या कडेला नेले. तिकडेही तेच.

"शाब्बास गं पोरी!" हानुसने सुन्वाच्या पाठीत धपाटा घातला. "उगीच जीव खाल्लास आमचा. चला, कॉफी!"

माणसं हसत, आळोखेपिळोखे देत रुबार्बच्या केककडे वळली. सुन्वा तिथेच उभी राहिली. तिच्या हिशेबाने दोरी रेघेला जेमतेम टेकायला हवी होती. पास होईल अशी आशा होती, पण इतकी ऐटीत? ती धावतच जिना चढून वर गेली.

बाहेर वाऱ्याचा मागमूस नव्हता. बोट गोदीच्या दोन धक्क्यांमध्ये उभी होती, दोन्हीकडे दोर. बोटीला मोकळेपणी कलता यावं म्हणून ते ढिले सोडायचे असतात. सकाळी प्रेबेनने स्वतः बघून घेतले होते. आता मात्र चारही दोर ताठ होते. आणि धक्क्यावर तिचे बाबा, दान्याल, विजारीला हात पुसत उभे होते. सारा जन्म त्यांनी फेरीबोटींचे दोर बांधण्यात घालवला होता.

"बाबा, हे दोर कुणी आवळले?"

"मी. अगं, केवढे लोंबत होते! म्हटलं, लाज आहे की नाही या गोदीवाल्यांना? माझ्या लेकीची बोट, आणि बांधलीय कशी, तर..." तिचा चेहरा बघून ते थांबले. "का गं? चुकलं का काही?"

मागून हानुस आला, हातात कॉफीचा कप. त्याने दोर बघितले, मग म्हाताऱ्याला बघितलं. त्याला सगळं कळलं.

"सुन्वा," तो हळूच म्हणाला, "प्रेबेन केक खातोय. खाऊ दे त्याला."

"दोरांनी धरून ठेवली होती तिला. म्हणून कलली नाही."

"थोडंसंच धरलं असेल गं! सणाच्या तोंडावर मी लोकांना काय सांगू? आणि जाणार ते दालन तुझंच ना? नाव तुझंच खराब होणार. दोरांकडे बघायला तुला सांगितलं कुणी?"

खोटं कशाला, क्षणभर तिलाही वाटलं, की खाऊ दे त्याला केक. वर काचांमध्ये आभाळ उतरलं होतं. एवढं देखणं काम तिच्या हातून पुन्हा होईल की नाही, कुणास ठाऊक. बाबा तर कुणी मुस्काटात मारल्यासारखे उभे होते.

"हानुस, सणाला होड्यांची शर्यत लागली की बोटीवरची झाडून सगळी माणसं एकाच कठड्याला धावणार. सगळ्यांत पुढे तुम्ही. तेव्हा भर पाण्यात हिला दोर कोण बांधणार?"

हानुसने कप तोंडाशी नेला आणि न पिताच खाली घेतला.

"प्रेबेन!" सुन्वाने हाक मारली. आवाज चिरकला, पण हाक गेली.

दोर पुन्हा ढिले सोडले. माणसं पुन्हा खुणांवर उभी राहिली, या वेळी कुणी विनोद केला नाही. ठोकळे कडेला गेले. दोरी निघाली, रेघेशी आली, आणि सुन्वाने श्वास धरला. दोरी रेघेवर थांबेल असं वाटलं. ती थांबली नाही. पलीकडे जाऊन स्थिर झाली.

प्रेबेनने आकडा टिपला आणि सुन्वाकडे न बघता टोपी काढून डोकं खाजवलं. हानुस जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. सुन्वाला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा दोर पाण्यात लोंबत होते. बाबा खुंट्याशी उभे होते, दोन्ही हात काखांत घट्ट दाबून. नजर दोरांवर.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. नाही झाली पास."

त्यांनी काखांतून हात काढले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "आता बांधू का गं?"

"बांधा, बाबा."