मंचुरियन काला

वीस वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की मरियाआजी घरच्यांबरोबर अलीमभाईच्या चायनीजमध्ये यायची. पण नूडल्सनं तिचं पोट भरत नसे. मग बायबलच्या पिशवीतून बाजरीची भाकरी काढून ती पदराआड मंचुरियनच्या रश्श्यात कुस्करायची.

आज नेमका अलीमभाई समोर येऊन उभा राहिला. आजीनं लाजून वाटी झाकली.

"झाकू नका, आज्जी. तुमचं बघून आमी पन चालू केलंय," म्हणत त्यानं नवं मेन्यूकार्ड पुढं केलं.

नात ग्लोरियानं वाचून दाखवलं, "मंचुरियन काला. सोबत बाजरीची भाकरी आणि चिरलेला कांदा."

आजीनं पदर बाजूला सारला.

"चिरलेला? अरं, कांदा बुक्कीनं फोडायचा. सुरी लागली की चायनीज बिघडतंय."