पाचवं रीडिंग

नागपूरच्या कॉलेजात बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या खोब्रागडे सरांनी प्रेमिलाची प्रॅक्टिकलची वही उघडली. बॉइलचा नियम. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं, आणि सातही रीडिंगांत दोघांचा गुणाकार अगदी तोच. निसर्ग एवढा गुणी नसतो, हे सर जाणून होते. त्यांनी उपकरणाकडे पाहिलं. नळीत पाऱ्याचा थेंबही नव्हता.

"रीडिंग कुठून आणले?"

"नत्थूभाऊनं सांगितले, सर."

लॅबचा म्हातारा शिपाई नत्थूभाऊ टेबल पुसता पुसता थांबला.

"पाचवं जरासं चुकवून लिहजो म्हनलं होतं पोरीले, आयकलं नाही तिनं," तो म्हणाला. "त्रेसष्टमधी तुमी आयकलं होतं, सर."