मुली वर चढतात का?

कडा गावच्या मंगल कार्यालयात सत्यभामा शिडी धरून उभी होती. वर तिची मुलगी सुकन्या फोकस आवळत होती. खाली सुकन्याचा बाप बिभीषण वायरीचं वेटोळं सोडवता सोडवता तिसऱ्यांदा म्हणाला, "नाटकाच्या लाइटचंच शिकायचं ना? मग माझ्या बहिणीच्या गावचं कॉलेज काय वाईट हाय? मुंबई कावून?"

दोन्हीकडे नंबर लागला होता. पाच वाजेपर्यंत एक पक्कं करायचं होतं.

"सुकन्ये, दोन्हीकडं फोन लाव," सत्यभामा म्हणाली. "मला एकच इचारायचंय."

सुकन्या उतरली. पान्याला बांधलेली दोरी मनगटावरून सोडून तिने फोन स्पीकरवर टाकला.

आत्याच्या गावचे सर गोड बोलले.

"सर, तुमच्याकडं पोरी वर चढत्यात का? लाइट बांधायला?"

"छे हो ताई! निर्धास्त राहा. मुली खाली, बटणांपाशी. वरचं काम मुलंच करतात."

"बघ," बिभीषण खूश झाला. "घोर मिटला."

सत्यभामाने नुसती दुसऱ्या नंबराची खूण केली. मुंबईला एक बाई होत्या. मागे ठोकाठोक चालली होती. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "चढावंच लागेल. पहिले सहा महिने तेच काम. पण हत्यार मनगटाला बांधल्याशिवाय आम्ही कुणालाच वर सोडत नाही. खाली माणसं असतात."

सत्यभामाने सुकन्याच्या मनगटाकडे पाहिलं. दोरीचा वळ अजून लाल होता.

"मुंबई भर."

"आगं, पडली-बिडली तर?"

"औंदा तुमची कंबर धरली, तवा वर कोण गेलतं? तवा न्हाई सुचलं हे! आन् खाली उभं राहायला मी हाय की. त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

बिभीषणला हसू आलं. "लई बोलती तुझी माय," म्हणत त्याने वेटोळं खांद्यावर टाकलं.

सुकन्या मोबाइलवर फॉर्म भरायला बसली. "आई, तुझा व्यवसाय इचारलाय. दरवेळी घरकाम टाकतो, तेच टाकू?"

सत्यभामाने पदराला हात पुसले.

"न्हाई. मंडपाची लाइट टाक. आन् जिथं जिथं केली ती गावं बी टाक. कडा, आष्टी, धानोरा…"

रकाना बोटभरच होता. सुकन्या टाइप करत राहिली. "आनखी?"