सातवी इनिंग

स्कोअरबोर्डच्या मागच्या फळीवर संजीव उभा होता. खाली या अमेरिकी गावातल्या हेरन्स टीमच्या मैदानात बुलडोझर घरघरत होता. बेसबॉलची टीम कधीच बंद पडली होती, आता त्या जागेवर गोदाम यायचं होतं. आकड्यांचे पत्रे हवे असतील तर दुपारपर्यंत काढून न्या, असं मुकादमाने बजावलं होतं.

रुही रिकामी खोकी घेऊन बापाबरोबर चढली होती. दिवसा ऑफिसात कोड लिहायचा आणि उन्हाळ्यात संध्याकाळी इथे येऊन हाताने धावांचे पत्रे बोर्डावर टांगायचे, हा त्याचा नेम तिने लहानपणापासून पाहिलेला.

"बाबा, कम ऑन. पहिला काढा ना."

संजीवचा हात हुकापाशी गेला नि तिथेच राहिला. शेवटची मॅच सातवी इनिंग सुरू होता होता पावसाने थांबली होती. उरलेली पुढच्या आठवड्यात खेळू म्हणाले, आणि त्याच आठवड्यात मालकाने टीम गुंडाळली. बेसबॉलच्या नऊ इनिंगच्या नऊ चौकटींपैकी सहांत आकडे होते. पुढच्या तीन रिकाम्या.

"मॅच चालू असताना पत्रे उतरवत नाहीत गं," तो म्हणाला. आवाजात ना राग, ना रडू.

"मग तिन्हीत झीरो लावा. डन!"

"शून्य म्हणजे खेळले, पण धाव झाली नाही. हे तर खेळलेच नाहीत, बाळा."

रुही हसली. "हे तुमचं कीर्तनवालं लॉजिक ना? आरतीशिवाय उठायचं नाही?"

"नागपूरला बुवांचा घसा बसला तरी कुणी जागचं हलत नसे. तुझी आजी तर चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बसून राहायची."

खालून मुकादमाने हात हलवला.

"बाबा, प्लीज! ते तोडून टाकतील सगळं."

संजीव काहीच न घेता शिडी उतरला. कुंपणापाशी दोघं उभी राहिली. बुलडोझर पुढे सरकला, बोर्ड कलला, आकडे खणखणत मातीत पडले. दुसऱ्याच कुणाचं घर पाडताहेत, तसा तो बघत राहिला.

धूळ खाली बसली. मुकादम जेवायला गेला. रुहीने गाडीची किल्ली काढली आणि हळूच त्याचा दंड धरला.

"चला ना घरी. संपलं आता."

"मॅच संपली असती, तर कधीच गेलो असतो," संजीव म्हणाला.